शेजाऱ्यासाठी बांधलेला मजला

फार फार वर्षांपूर्वी, नदीपासून लांब एका टेकाडावर एक गाव होते. तिथली रीत अशी, की मुलाने लग्नाआधी बापाच्या घरावर एक मजला चढवायचा. जितके मजले, तितकी घराची अब्रू. त्या मजल्यांवर राहायला कोणी जात नसे. ते राहण्यासाठी नव्हतेच. शेजाऱ्याने मान वर करून बघण्यासाठी होते.

या गावातल्या एका म्हाताऱ्याने तरुणपणी असाच मजला चढवला होता. दगड वाहता वाहता त्याचे गुडघे गेले. पुढे बायको आजारी पडून गेली, तेव्हाही तो वर गिलावा करत होता. पण अब्रू राहिली होती, म्हणून तो स्वतःला सुखी समजत असे.

मुलगा लग्नाचा झाला तसा म्हातारा त्याला म्हणाला, "उद्यापासून दगड आणायला लाग."

"नको, बाबा. आम्ही नदीकाठी एक खोली बांधतो. दिवसभर काम करू, संध्याकाळी अंगणात बसू."

"बसू?" बाप कडाडला. "माणूस काय बसायला जन्माला येतो? आणि हे 'आम्ही' कोण?"

"मी, मामंजी," ठरलेली सून दारातून म्हणाली. "एवढे जिने रोज झाडायचे कोणी? तुमच्या शेजाऱ्यानं?"

पंच जमले. "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत," थोरले पंच उसासा टाकून म्हणाले. त्यांनी स्वतःचा मजला मेव्हण्याकडून बांधून घेतला होता.

चारचौघांत म्हाताऱ्याची मान खाली गेली. "माझ्या घरात याला जागा नाही!" तो गरजला. घरात जागा मुबलक होती. वरचे सगळे मजले रिकामेच होते.

मुलगा गेला. म्हातारा हट्टाला पेटला आणि त्याने स्वतःच मजला चढवायला घेतला. एके दिवशी शेवटचा दगड बसला, आणि म्हाताऱ्याचे गुडघेही तिथेच बसले. त्याला उभे राहता येईना.

"अरे, पाणी आणा कोणीतरी! खाली उतरवा मला!"

"आलोच हं, काका, एवढी दगडांची रांग बसवतो," शेजारी आपल्या भिंतीवरून म्हणाला. दुसऱ्यानेही तेच सांगितले. थोरले पंच रस्त्यावरून कौतुकाने म्हणाले, "वा! गावात सगळ्यात उंच!" आणि जेवायला गेले.

ऊन चढले, कलले. एवढ्या उंचावरून म्हाताऱ्याला पहिल्यांदाच नदी दिसली. काठावर एक खोली होती आणि अंगणात दोघे जण बसले होते. सून काहीतरी सांगत होती, मुलगा पोट धरून हसत होता. म्हाताऱ्याने उरलेसुरले बळ एकवटून मुलाला हाक मारली. हाक नदीपर्यंत पोचली नाही.

मुलाला कळले तेव्हा उशीर झाला होता; म्हाताऱ्याचा प्राण वरच गेला होता. त्याने बापाला पाठीवर घेतले आणि एकट्याने सगळ्या जिन्यांवरून खाली आणले. एकाही पंचाने हात लावला नाही. सगळ्यांचे हात चुन्याने भरलेले होते.

"बघा," पंचांनी गावाला बजावले, "पोराने बापाला टाकले की असे होते!" आणि गाव पुन्हा दगड वाहू लागले.

तात्पर्य : जे सुख आपण स्वतः कधी भोगले नाही, ते मुलांवर लादण्याचा हक्क केवळ वयाने मिळत नाही.