मोरावळ्याची जकात

एका राज्यात, जिथे समुद्र राजवाड्याच्या पायऱ्यांना रोज दोनदा हात लावून जाई, केतकी नावाची मुलगी बारा वर्षांनी शिकून परतली. तिच्या बगलेत रेशमात बांधलेला ग्रंथ होता. जगातल्या प्रत्येक जिन्नसाचे नाव त्यात होते आणि नावापुढे जकातीचा दर. तिला वाटले होते, मांडवीवर, म्हणजे जिथे परदेशचा माल उतरतो त्या जकातघरात, आपले बाबा दारापर्यंत येतील, ग्रंथ कपाळाला लावतील आणि म्हणतील, आता या राज्यात अन्याय म्हणून उरायचा नाही.

दारात कोणीच आले नाही. मांडवीवर गवत वाढले होते. बाबांच्या गादीवर एक मोठा काळा दगड बसला होता, डोक्यावर बाबांची पगडी. दगडाशेजारी एक मोर एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायावरच्या मुंग्या झटकत होता.

"मी केत..." तिने तोंड उघडले, तोच मोर किंचाळला.

"नाव घेऊ नकोस! या उंबरठ्याच्या आत नाव घेतलंस तर केवड्याचं कणीस होशील."

कोपऱ्यात गोण्या शिवणारी म्हातारी सुईत दोरा ओवत म्हणाली, "खरं सांगतोय तो. तीन वर्षं झाली. गावातल्या बायकांना काही जड गेलं नाही, त्या तशाही नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. पुरुषांचे मात्र हाल झाले."

मग मोराने हकीकत सांगितली. काळ्या शिडांचा एक जादूगार सौदागर मोरावळ्याच्या बरण्या घेऊन आला होता. गादीवरच्या जकातदारांनी बरणीवरचे नाव वाचले आणि हुकूम दिला, 'मोर. शोभेचा पक्षी. शंभरास साठ जकात.' सौदागर म्हणाला, 'पंत, झाकण उघडून तर बघा, आत आवळा आहे.' जकातदार म्हणाले, 'नाव बोलतं, झाकण कशाला उघडू?' तेव्हा सौदागराने शाप दिला: 'मग इथे घेतलेलं प्रत्येक नाव खरं होवो!' त्या क्षणी बरणीचे झाकण उडाले.

"आणि मी बाहेर आलो," मोर म्हणाला. "अजून पाकाने चिकट आहे. मुंग्या सोडत नाहीत."

"आणि बाबा?"

"ते उठून उभे राहिले, छाती काढून म्हणाले, 'मी धोंडोपंत...' पुढचं वाक्य राहिलं."

केतकीने दगडावरची पगडी सरळ केली. आजीआजोबांची चार मुले गेली, पाचवे जगावे, काळाची दृष्ट पडू नये, म्हणून आजीने बाबांचे नाव धोंडो ठेवले होते. तेच नाव त्यांच्यावर उलटले होते.

त्या दिवसापासून राज्यात बाहेरचे अन्न येईना. आंबेमोहोर तांदळाची गोणी आली, जकात भरायला नाव सांगितले, आणि तांदळाचा मोहोर होऊन वाऱ्यावर उडाला. लोक कण्या खाऊन दिवस काढत होते.

"उतारा एकच," मोर म्हणाला. "तीन जिन्नस नाव न घेता अचूक ओळखायचे. एकही चुकला, तर दगड कायमचा दगड."

केतकीने मांडवीचा शंख फुंकून सौदागराला बोलावले. सौदागराचे जहाज समोरच नांगरलेले होते, कारण जकात चुकती झाल्याखेरीज मांडवीवरून जहाज हलत नसे, मग ते जादूगाराचे का असेना. सौदागर उतरून आला. दाढी गुडघ्यापर्यंत वाढली होती.

"लवकर आटप, मुली. मलाही घरी जायचं आहे."

त्याने पहिली गोणी उघडली. गोणीवर अक्षरे होती: वरीचे तांदूळ. केतकीने झटकन ग्रंथ उघडला. पण ग्रंथात शोधायचे म्हणजे नावावरूनच शोधायचे. तिचे बोट पानावर थांबले. तिने ग्रंथ मिटला आणि मूठभर दाणे तळहातावर घेतले. बारीक, गोल, टोक नसलेले.

"आजी, हे तुम्ही कधी शिजवता?" तिने म्हातारीला विचारले.

"उपासाला. दाण्याच्या आमटीबरोबर."

"गोणीवरचा दुसरा शब्द खोटा," केतकी म्हणाली. "हे उपासाला चालणारं बारीक धान्य. जकात त्याची घ्यावी."

मांडवीच्या छताला टांगलेली तागडी आपोआप हलली आणि समतोल झाली. सौदागराने मान डोलावली.

दुसरी टोपली. आत पिवळट मुळ्या, वास थेट कैरीचा. केतकीने एक मोडली, हुंगली, माती खरवडली. नाक म्हणे फळ, हात म्हणे कंद.

"झाडावर माती लागत नाही. कंदच," ती म्हणाली. "पण खायचा, की औषधाचा?"

"आमच्याकडे दोन्ही," म्हातारी म्हणाली. "लोणच्यातही घालतो, मुका मार लागला की उगाळून लेपही लावतो."

केतकी सौदागराकडे वळली. "याच्यासोबत जहाजात काय भरलंय?"

"मीठ, मोहरी आणि रिकाम्या बरण्या."

"मग हा खायचा कंद. लोणच्याचा."

तागडी पुन्हा समतोल झाली. मोराने आनंदाने पिसारा फुलवला, त्यातून पाकाचे चार थेंब उडाले.

"तिसरा जिन्नस आणा," केतकी म्हणाली.

"तो इथेच आहे." सौदागराने गादीवरच्या दगडाकडे बोट केले. "हे काय आहे? आणि याची किंमत काय?"

ग्रंथात दगडाचे पान होते, तिला पाठ होते: बांधकामाचा, किंमत नगण्य. क्षणभर तिला वाटले, हा जिन्नस नाव घेतल्याशिवाय ओळखताच येणार नाही. मग तिच्या ध्यानात आले की या माणसाला तिने जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. तिच्यापुरते ते नाव कधी नव्हतेच.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

"किंमत?"

"माझ्या गुरूंनी शिकवलं, किंमत बाजार म्हणेल ती नव्हे. घेणाऱ्याने खरोखर मोजली ती. मला शिकायला पाठवलं आणि घर रिकामं केलं, ते यांनी. मी परत आले, तर समोर हे असे. यांच्यावाचून बारा वर्षं काढली; हे मला त्या बारा वर्षांना पडले. त्याहून एक दिवसही कमी लिहू नका."

सौदागराने दाढीवरून हात फिरवला. "बरोबर," तो हळू म्हणाला.

तागडी समतोल झाली. दगडाला घाम फुटला, मग दगडाला नाक आले, आणि नाकाखाली मिशा.

"...असल्या शापाला भीत नाही!" धोंडोपंत गरजले आणि दचकून इकडेतिकडे पाहू लागले. "ही कोण रडतेय?"

"मीच, बाबा."

"एवढी मोठी कधी झालीस?"

मोर समाधानाने म्हणाला, "सुटलो बुवा," आणि बरणीत बसला. लगेच आतून आवळ्याचा वास आला. म्हातारीने झाकण लावले, मुंग्या आल्या पावली परतल्या. धोंडोपंतांनी ते स्वतः उघडले, बोटभर चाखले, मान खाली घातली आणि म्हणाले, "आवळाच आहे. चुकलं माझं." सौदागराने आवळ्याची जकात भरली, एक बरणी म्हातारीला दिली, आणि काळी शिडे संध्याकाळपर्यंत क्षितिजापार गेली. त्या दिवशी गावात चुली उशिरापर्यंत पेटलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाचा दूत आला. ग्रंथ दरबारात सोन्याच्या चौरंगावर ठेवायचा, त्याची सेवा केतकीने करायची, असे फर्मान होते. केतकीने ग्रंथ रेशमात गुंडाळून दूताच्या हाती दिला. "राजेसाहेबांना माझा नमस्कार सांगा. ग्रंथ चौरंगावर बसू दे. मी मांडवीवर बसणार." मग तिने बाबांशेजारी चटई टाकली, तागडीच्या दांडीला चाखायला एक चमचा बांधला, आणि दारात उभ्या पहिल्या व्यापाऱ्याला आत घेतले.

"बाई, गोडंतेल आहे," तो म्हणाला.

"नाव मागाहून," केतकी म्हणाली. "आधी बुधला उघडा."