मिचमिचीच्या बिळात पाणी

बंगल्याच्या भिंतीला एक बीळ. बिळात राहायची मिचमिची चिचुंद्री. आणि तिची तीन पिल्लं. गुलाबी गुलाबी. डोळे मिटलेली.

बंगल्यापुढे होतं मातीचं अंगण. पाऊस पडला की माती पाणी प्यायची. गट गट गट!

मग बंगल्यातल्या हेमाबाईंनी गाडीसाठी फरशी घातली. अंगणभर फरशी. फटीसुद्धा सिमेंटने बंद.

पाऊस आला. पाणी धावलं, खळखळ खळखळ! शिरलं थेट बिळात.

मिचमिची घाबरली. पिल्लांना उचलून तिने बिळातल्या एका विटेवर ठेवलं. बाहेर पाणीच पाणी. पिल्लांना न्यायचं कुठे?

"पाण्या, पाण्या, जा ना रे! पिल्लं माझी भिजली रे!"

पाणी म्हणालं, "फरशी वाट देईना. मी कसं जाऊ?"

तुरुतुरु तुरुतुरु. मिचमिची गेली फरशीकडे.

"फरशीताई, वाट दे! पाणी जाईना, पिल्लं माझी भिजली गं!"

फरशी म्हणाली, "मिस्त्री फटी खोलेनात. मी कशी वाट देऊ?"

पाणी आलं विटेच्या पायाशी. चीं चीं! पिल्लं रडली.

तुरुतुरु तुरुतुरु. यल्लाप्पा मिस्त्री पत्र्याखाली चहा पीत होते.

"मिस्त्रीकाका, फटी खोला! फरशी वाट देईना, पाणी जाईना, पिल्लं माझी भिजली हो!"

मिस्त्री म्हणाले, "बाई सांगेनात. मी कशा फटी खोलू?"

तुरुतुरु तुरुतुरु. मिचमिची गेली हेमाबाईंकडे.

"बाई, बाई, मिस्त्रींना सांगा! मिस्त्री फटी खोलेनात, फरशी वाट देईना, पाणी जाईना, पिल्लं माझी भिजली हो!"

बाई म्हणाल्या, "नवी कोरी फरशी! नगरपालिकेचे साहेब बघायला येईनात. मी कसं सांगू?"

पाणी आलं अर्ध्या विटेवर. चीं चीं! चीं चीं!

तुरुतुरु तुरुतुरु. मिचमिचीला धाप लागली. साहेब नगरपालिकेच्या दारातच उभे होते.

"साहेब, साहेब, बघायला या! बाई सांगेनात, मिस्त्री फटी खोलेनात, फरशी वाट देईना, पाणी जाईना, पिल्लं माझी भिजली हो!"

साहेब म्हणाले, "छत्री उघडेना. मी कसा येऊ?"

आता पाणी विटेच्या काठाला. पिल्लांचा आवाज बारीक झाला. चीं...

"छत्रीताई, उघड गं! साहेब येईनात, बाई सांगेनात, मिस्त्री फटी खोलेनात, फरशी वाट देईना, पाणी जाईना, पिल्लं माझी भिजली गं!"

छत्री म्हणाली, "काडीत दोरा अडकलाय. मी कशी उघडू?"

दोरा? मिचमिचीने दात लावले. कट कट कट! दोरा तुटला.

छत्री उघडली, फटाक!

साहेब आले, झपझप झपझप. वाकून बिळात बघितलं. "बाई, नियम आहे. आपल्या अंगणातलं पाणी आपल्याच अंगणात मुरवायचं. दुसऱ्याच्या घरात सोडायचं नाही!"

"अगं बाई, पिल्लं!" बिळात डोकावून हेमाबाई ओरडल्या. "मिस्त्री, खोला फटी!"

मिस्त्रींनी फटी खोलल्या, ठक ठक ठक! फटीत बारीक खडी भरली. फाटकापाशी खड्डा खणला. त्यात टाकले दगड, धडाम धुडुम!

फरशीने वाट दिली. पाणी गेलं खाली. गुडगुड गुडगुड... गुडूप!

मिचमिची बिळात धावली.

एक पिल्लू. दोन पिल्लं.

तिसरं? तिसरं कुठे?

कोपऱ्यात चिखल होता. चिखल हलला. त्यातून एक गुलाबी नाक वर आलं.

"चीं!"

मिचमिचीने त्याला चाटलं. नाक चाटलं, कान चाटले, पोट चाटलं. मग तिघांना कुशीत घेतलं, घट्ट घट्ट.

पिल्लं झोपली.

मग मिचमिचीही झोपली.