राखीव पाठशाळा किती?

“दहा म्हणावं तर कमी, पन्नास म्हणावं तर जास्त! मला नेमका आकडा हवा!” वीरकेतू महाराज गरजले, आणि मंदारगडचा अख्खा विद्वान दरबार आपापल्या पायांचे अंगठे न्याहाळू लागला.

प्रश्न युवराज अमोघच्या शिक्षणाचा होता. त्याला शिकायची होती नक्षत्रविद्या, तीही हेमकूटच्या पाठशाळेत. आता हेमकूट वर्षाला घेणार सात मुलं, आणि दारात उभी राहणार सातशे! तिथे नाही जमलं तर? म्हणून आणखी काही पाठशाळांना राखीव म्हणून विनंतीपत्रं धाडायची होती. पण किती?

“कमी धाडली तर युवराज घरी बसेल,” महाराज म्हणाले, “आणि जास्त धाडली तर लोक म्हणतील, राजाचं पोर दारोदार हिंडतंय!”

राजगुरूंनी एकवीस हा शुभ आकडा सुचवला. सेनापती म्हणाले, जितके किल्ले तितक्या पाठशाळा. प्रधान त्रिंबकपंतांनी तर एक्केचाळीस पत्रं तयारच ठेवली होती. एक्केचाळीसच का, ते मात्र कुणी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कारण कसं विचारायचं!

“पण हाच आकडा बरोबर कशावरून?” महाराजांनी डोळे वटारले.

पंतांनी अलगद अंग काढून घेतलं. “महाराज, पत्रं लिहितो तो विसोबा कारकून. आकडा त्यालाच ठाऊक!”

“मग विसोबा, उद्या सकाळी आकडा सांग. चुकलास तर राज्याबाहेर!”

विसोबा घरी आला तो उतरलेला चेहरा घेऊन. त्याची बायको सगुणा देवापाशी फुलवाती वळत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, देवीला हात जोडले आणि म्हणाली, “अहो, रडताय काय? उद्या मीच येते दरबारात.”

“अगं, तिथे मोठमोठे पंडित हरलेत!”

“हरणारच. त्यांनी कधी सवाष्णी जेवायला घातल्यात?”

सकाळी डोक्यावर पदर घेऊन ती महाराजांसमोर उभी राहिली. त्रिंबकपंत हसले. “आता स्वयंपाकघरातून न्याय मिळणार वाटतं!”

“जेवण तिथूनच मिळतं ना, पंत? मग न्यायाला काय हरकत आहे?” सगुणा गोड आवाजात म्हणाली. “महाराज, पंतांना त्या पत्रांतलं एखादं वाचून दाखवायला सांगाल का?”

पंतांनी मोठ्या ऐटीत वाचलं, “‘युवराजांना हेमकूटला प्रवेश न मिळाल्यास नाइलाजानं ते आपल्या पाठशाळेत येतील. तरी जागा अडवून ठेवावी.’”

“अगंबाई! आणि उत्तरं आली का?”

“एकच धाडून पाहिलं होतं,” पंत चाचरले. “उत्तर आलं की, ‘युवराजांना हेमकूटच मिळो, अशी आम्ही रोज देवाजवळ प्रार्थना करतो.’”

पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू फुटलं.

“महाराज,” सगुणा म्हणाली, “शुक्रवारच्या व्रताला पाच सवाष्णी हव्यात, म्हणून मी सहा जणींना आवतण देते. कुणाला ताप येतो, कुणाकडे पाहुणे येतात. पण सहावीला मी असं सांगत नाही, की बाई, कुणी नाहीच आलं तर नाइलाजानं तुला वाढीन! तिलाही तसाच पाट, तशीच पुरणपोळी. आणि जिला वाढताना माझं मन खट्टू होईल, तिला मी बोलावतच नाही.”

“बरं, मग आकडा?” महाराज अधीर झाले.

“तो युवराजांच्या तोंडून येईल.” सगुणानं पत्रांचा गठ्ठा विसोबाच्या हाती दिला आणि महाराजांशेजारी बसलेल्या अमोघकडे वळली. “एकेक नाव वाचा. युवराज, समजा जगात तेवढं एकच दार उघडं आहे. आनंदानं जाल?”

“दलदलपूर,” विसोबानं वाचलं.

“तिथे डास शिकवतात की गुरुजी?” अमोघ म्हणाला. “नाही जाणार!”

पत्र बाजूला पडलं.

“गदाधर मल्लशाळा.”

“मला आकाशातले तारे बघायचेत, डोळ्यांपुढचे नव्हे!”

तेही गेलं. हत्तींवरचे औषधोपचार शिकवणारी पाठशाळा गेली. बारा वर्षं मौन पाळायला लावणारी गेली. एक पाठशाळा तर सात वर्षांपूर्वीच बंद पडली होती. पंतांनी तिचं नाव का घातलं, ते पंतच जाणोत!

शेवटी विसोबाच्या हातात दोनच पत्रं राहिली. वेणुग्राम आणि निंबगाव.

“वेणुग्रामला मोठी वेधशाळा आहे,” अमोघचे डोळे चमकले. “आणि निंबगावचे आचार्य ग्रहणं सांगतात. तिथे मी आनंदानं जाईन. हेमकूट मिळालं नाही तरीही!”

“झालं तर. आकडा दोन!” सगुणा म्हणाली. “फक्त त्यातला तो ‘नाइलाज’ काढून टाका, नि मनापासून लिहा.”

“दोनच?” त्रिंबकपंत उसळले. “महाराज, ही बाई युवराजांना घरी बसवणार! त्या दोघांनीही नाही म्हटलं तर?”

महाराजांची भुवई वर चढली. विसोबाला राज्याची वेस दिसू लागली.

“तर युवराज यंदा घरी बसतील,” सगुणा शांतपणे म्हणाली.

“ऐकलंत, महाराज?”

“आणि पंतांची एक्केचाळीस पत्रं गेली, नि त्या दोघांनी नाही म्हटलं, तर? बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणी युवराज पाऊलही टाकणार नाहीत. म्हणजे तेव्हाही घरीच! फरक इतकाच, की माझ्या पद्धतीनं युवराज एकटे बसतील आणि पंतांच्या पद्धतीनं एकोणचाळीस आचार्यांना ताटकळत ठेवून बसतील!”

महाराज असे खदखदून हसले की राजदंड हातातून निसटला! अमोघ हसला, राणीसाहेब पडद्याबाहेर येऊन हसल्या. राजगुरूसुद्धा हसले, पण आधी महाराज हसल्याची खात्री करून!

“सगुणाबाई, आजपासून विसोबा आमचा चिटणीस!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “आणि तुम्हाला देवीच्या देवळालगतचा मळा इनाम! पंत, ही दोन्ही पत्रं आता तुम्ही लिहायची. स्वतःच्या हातानं!”

त्रिंबकपंतांनी बोरू उचलला, हताशपणे इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विसोबाला विचारलं, “अहो चिटणीस, हा धरायचा कुठल्या टोकानं?”