डाव्या कोपराशी कपाट

एकदा एका रसायनाचार्यांच्या प्रयोगशाळेत एक शिष्य डोके धरून बसला होता. आचार्य इतके जुने, की गंधक त्यांना पाहून आपला वास आवरता घेई असे म्हणतात. आणि खोटे सांगून कोणाला काय मिळायचे आहे!

शिष्याला एक औषध घडवायचे होते. त्याचे रेणू दोन घडणींचे, उजव्या आणि डाव्या हातांसारखे. उजवा ताप उतरवी, डावा ओकाऱ्या काढी. दोन घटकांची गाठ घालून स्वतः अलगद मोकळा होणारा मध्यस्थ म्हणून त्याने एक अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेले संयुग, रचले होते, आणि उजवाच रेणू घडावा म्हणून त्याला अणूंचा भलाथोरला डोंगर जोडला होता. तरी दर वेळी निम्मे उजवे, निम्मे डावे. औषधांच्या व्यापाऱ्याने बजावले होते, "पुन्हा भेसळ निघाली तर काम दुसरीकडे देईन." काम गेले की शिष्याची जागाही जाणार होती.

"गुरुजी, डोंगर अजून वाढवू का?"

"आधी ते लोखंडी कपाट त्या कोपऱ्यात सरकव."

शिष्याने घाम गाळून सरकवले. दिवसभर शिष्याकडे माणसे आली. कोणी चहा घेऊन, कोणी चंचुपात्र मागायला, काही डावीकडून, काही उजवीकडून. दुसऱ्या दिवशी आचार्यांनी तेच कपाट त्याच्या डाव्या कोपराला खेटून उभे करायला लावले. शिष्याला धड वळताही येईना. म्हातारा चळला, की आपणच?

संध्याकाळी आचार्यांनी विचारले, "आज कोण कुठून आले?"

"सगळे उजवीकडून. दुसरीकडून येणार कसे?"

"काल कपाट नव्हते?"

"होते की! पण ते तिकडे लांब..." शिष्याचे वाक्य अर्धवट राहिले.

"तुझा डोंगर अमाइनच्या अणुसाखळीच्या शेपटाला लोंबतोय, लेका. घटक जुळतात नायट्रोजनपाशी. त्यांना डोंगराची खबरही नाही. आणि 'उजवीकडून या' म्हणून रेणूला विनवता येत नाही, त्याला कान नाहीत. त्याची डावीकडची वाट तेवढी अडवता येते. अडथळा लहान असला तरी चालेल, जवळ हवा."

"मग दोन्ही बाजूंना कपाटे लावली तर?"

"तर चहावाचून मरशील!"

शिष्याने डोंगर छाटला आणि उरलेला तुकडा नायट्रोजनला खेटून, एकाच बाजूला बसवला. या वेळी जवळजवळ सगळे रेणू उजवे निघाले. चुकार डावे होते, ते स्फटिक करताना द्रावणात मागे राहिले.

व्यापाऱ्याने बाटली उजेडात धरली. "काहीतरी जबरदस्त घातलेले दिसते."

"काढले," शिष्य म्हणाला. "राहिले ते जवळ आणले."

व्यापाऱ्याला काही उमगले नाही. शिष्य समजावण्याच्या भरीस पडला नाही. पुढचा माल कधी हवा, एवढेच त्याने शांतपणे विचारले.