लाल बटणाखालची जागा

“याहून चांगली जागा कुठली असणार, बाबा?”

रणधीरनं मोबाइल पुढं धरला. करीमशा बाबा तकियाच्या, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीच्या, ओट्यावर साप ठेवायची फाटकी पिशवी शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

साप धरायला रणधीर त्यांच्याकडूनच शिकला होता. आता तालुक्यात कुणाच्या घरात साप निघाला की फोन त्यालाच जायचा. गेल्या वर्षी त्यानं सापांची एक छोटी वेबसाइट काढली. एका पानावर तालुक्यातल्या सापांचे फोटो आणि माहिती. दुसऱ्या पानावर साप चावला तर काय करायचं ते, आणि त्याखाली मोठं लाल बटण. ते दाबलं की थेट ॲम्ब्युलन्सला फोन.

बाबांना वाचता येत नव्हतं, पण दुसऱ्या पानावरचा मजकूर त्यांनीच सांगितलेला. ‘दोरी आवळू नका. चिरा देऊ नका. माझ्याकडं आणू नका. दवाखान्यात न्या.’

“फोटोंच्या पानावर जाहिरात लावून बघितली, कुणी ढुंकून बघत नाही,” रणधीर सांगत होता. “मग आठ दिवसांपूर्वी लाल बटणाच्या अगदी खाली लावली. आणि बघा… त्र्याऐंशी जणांनी दाबली! दर दाबण्यामागं पैसे मिळतात. साइटचा खर्च निघेल, वर साप धरणाऱ्या आपल्या पोरांना नव्या काठ्या, पिशव्या घेता येतील.”

“तिथंच का दाबतात?”

“अंगठा तिथंच जातो ना. सगळी जागेची करामत.”

“कुणाचा अंगठा?”

रणधीर हसला. “बघणाऱ्याचा. आणखी कुणाचा?”

बाबांनी सुई पिशवीत टोचून ठेवली. पिशवी बाजूला सारली.

“उघड ते पान.”

रणधीरनं उघडलं.

“तुझ्या बायकोला चावलाय.”

“बाबा, असलं काय बोलता…”

“घोणस आहे. पाय सुजायला लागलाय. फोन लाव.”

आणि बाबांनी त्याचं मनगट धरलं. वय झालेलं, पण नाग धरलेला हात तो. त्यांनी ते मनगट गदागदा हलवायला सुरुवात केली.

रणधीरनं अंगठा टेकवला. पडद्यावर जाहिरातीतल्या मंगल कार्यालयाचं झगमगतं दार उघडलं आणि सनई वाजू लागली.

“लाव की.”

तो घाईघाईनं मागच्या पानावर आला. पुन्हा अंगठा टेकवला. पुन्हा तेच दार. पुन्हा सनई.

“लाव. लाव लवकर!”

तिसऱ्यांदाही सनईच.

बाबांनी मनगट सोडलं. सनई बंद करायला रणधीरला फुलीचं चिन्ह सापडेना. सापडलं तेव्हा तकियात एकदम शांत झालं…

“त्र्याऐंशी म्हणालास?”

रणधीरनं मान हलवली. “सगळेच काही चावलेले नसतील, बाबा. कुणी सहज बघायला आलेले असतील.”

“असतील.” बाबांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. “चावलेले किती होते?”

रणधीरनं मोबाइलमधले आकडे चाळले. कोण कुठल्या गावचं, कुठल्या वेळी आलं, किती वेळ थांबलं, सगळं त्यात होतं. हे तेवढं नव्हतं.

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. बाबांची सुई चालत होती.

मग रणधीरनं तिथंच, ओट्याच्या कडेवर बसून, ती जाहिरात काढायला घेतली. एवढंसं काम, पण त्याला चारदा करावं लागलं. आता त्याचं मनगट कुणी धरलेलं नव्हतं, तरीही.

“काढली,” तो म्हणाला.

बाबांनी पुढचा टाका घातला.

“पण साइट चालवायची तर कुठंतरी लावायलाच पाहिजे. पानाच्या अगदी वर लावू? की… लावूच नको?”

“लाव ना. फोटोंच्या पानावर लाव.”

“तिथं कुणी दाबत नाही, बाबा.”

बाबांनी दोरा दातानं तोडला. पिशवी उलटी करून उजेडात धरली, कुठं भोक राहिलंय का ते बघितलं.

“तिथं माणसाला नाही म्हणता येतं.”