चोरवाटेवरचा पांढरा दगड

फार जुनी गोष्ट. तेव्हा माळावर मुंगसाचं राज्य होतं आणि उंदरांना बोलता येत होतं. नुसतं येत नव्हतं, त्याची हौसही दांडगी होती.

प्रत्येक बिळाला मागे एक चोरवाट असे. तिचं तोंड पातळ मातीने लिंपायचं आणि ते कुठे आहे हे शेजाऱ्यालाही सांगायचं नाही, अशी रीत होती.

एकदा मुंगसाने दवंडी पिटवली, "साप माजलेत. प्रत्येकाने चोरवाटेवर पांढरा दगड ठेवा, म्हणजे माझे शिपाई मदतीला लगेच पोचतील."

बांधावर वाद जुंपला. सगळ्यांत मोठा आवाज भुरकी उंदरिणीचा. तिच्या पिल्लांनी अजून डोळेही उघडले नव्हते. सापाचं नाव निघालं की ती त्यांना पोटाखाली ओढून घ्यायची.

म्हातारा कानतुट्या म्हणाला, "अगं पोरी, दगड सापालाही दिसेल."

"आम्हाला नाही बाई काही लपवायचं," भुरकी फणकारली. "तुमच्या बिळात असं काय दडवलंय, आजोबा?"

सगळे फिदीफिदी हसले. कानतुट्या मान खाली घालून निघून गेला. संध्याकाळपर्यंत माळ पांढऱ्या ठिपक्यांनी भरला.

पुढे एके दिवशी भुरकीच्या पुढच्या दारातून साप शिरला. हाताशी आलेलं एक पिल्लू तोंडात धरून ती चोरवाटेने पळाली. माती फोडून तिने डोकं बाहेर काढलं, तर पांढऱ्या दगडाला वेटोळं घालून दुसरा साप निवांत बसला होता. शिपायांचा पत्ता नव्हता.

बांधावर मात्र सगळे जमले होते. दगड पांढरा बरा की तांबडा, यावर वाद रंगात आला होता.

भुरकीच्या तोंडात पिल्लू होतं. तिला हाकही मारता येईना.