बिजागरी बसवायला आलेलं ऊदमांजर

त्या राज्यात कोणीच आपलं घर सगळं स्वतः बांधत नसे. भिंत एकाची, दार दुसऱ्याचं, दाराची कडी तिसऱ्याची. आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती बसवून देणारा येई. तो उंबऱ्याशी हात पुढे करी, घरधनी त्यावर सगळ्या घराची किल्ली ठेवी आणि काम होईतो बाहेर थांबे. किल्ली न देणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं मानत.

सायाळ बियाण्याचं कोठार राखत असे. सगळ्या वस्तीची पुढची पेरणी तिच्या भरवशावर होती. तिनं एक दार मागवलं. दारामागोमाग चौकटवाला आला, चौकटीबरोबर खिळेवाला, खिळ्यांबरोबर त्यांना तेल लावणारा. एका दारापायी तिनं अकरा वेळा किल्ली दिली आणि अकराही वेळा अंगणात येरझारा घातल्या. सगळ्यात शेवटी एक ऊदमांजर बिजागरी घेऊन आत गेलं, ते लवकर बाहेरच येईना.

"एवढीशी बिजागरी, आणि इतका वेळ?" तिनं विचारलं.

"बारीक कामालाच वेळ लागतो, बाई," ते नम्रपणे म्हणालं.

बिजागरीवर म्हाताऱ्या तांबट पक्ष्याचा शिक्का होता. दार सुरेख लागत होतं. आतलं काही हललं नव्हतं. फक्त परत मिळालेल्या किल्लीच्या दातांत मेणाचा कण अडकला होता.

चौथ्या दिवशी शेजारच्या घोरपडीचं कोठार रिकामं सापडलं. कुलूप शाबूत होतं, आणि बिजागरी त्याच शिक्क्याची. सायाळीला किल्लीतलं मेण आठवलं; ठसा घेऊन कोणी दुसरी किल्ली केली असणार. तिनं घरी येऊन लगेच आपलं कुलूप बदललं आणि तडक तांबटाचं झाड गाठलं.

"साऱ्या राज्याला माझ्याच बिजागऱ्या लागतात," तांबट थकल्या आवाजात म्हणाला. "एकट्यानं किती ठोकू? एक जण मदत करतो म्हणाला. दिला शिक्का त्याच्या हाती."

"कोण होता तो?"

"कामसू वाटला."

परतताना सायाळ दिसेल ते दार पाहत गेली. प्रत्येक दाराला तीच बिजागरी होती. किल्ली कोणाच्या हाती देऊ नका, असं वस्तीत तिनं सांगून पाहिलं. घोरपडसुद्धा म्हणाली, "अहो, सगळ्यांवरच संशय घेतला तर घरं उभी कशी राहायची?" सायाळीच्या अंगावरचे काटे मात्र दिवसभर खाली बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात एक खोपटं उभारलं. चार भिंती, एक चौकट, आत काही नाही. येईल त्याला ती सांगू लागली, "इथं बसवून दाखवा. पुढचं माझं मी बघेन." काही जण रागावून परत गेले. बहुतेकांनी खांदे उडवले आणि घटकाभरात काम उरकलं.

मग एका दुपारी ऊदमांजर आलं. "तांबटानं सुधारलेली बिजागरी पाठवलीय, जुनी काढून टाकू."

सायाळीनं खोपट्याकडे बोट दाखवलं. ते आत गेलं. तिनं कुडाच्या फटीला डोळा लावला.

ऊदमांजरानं बिजागरीचं पुडकं न सोडताच कोपऱ्यात टाकलं. चौकटीकडे पाहिलंदेखील नाही. भिंतीला कान लावून ते ठोकत ठोकत पुढे सरकलं. चारही भिंती झाल्या, तेव्हा ते वाकलं आणि पुरलेल्या बियाण्याच्या शोधात दोन्ही पंजांनी जमीन उकरू लागलं.